स्वल्पविरामाची रजा

नगर वाद्यवृंदाचं सगळं संगीत यापुढे हाताने न लिहिता कॉम्प्युटरवर अक्षरांत टाइप करावं, असा आदेश निघाला आणि ते काम टकटकच्या गळ्यात पडलं. टकटक म्हणजे कोण, सांगतो, थांबा! कार्यालयातली सगळ्यात वेगाने टाइप करणारी मुलगी. तिचे सख्खे काका त्याच वाद्यवृंदात ट्यूबा वाजवायचे. ट्यूबा म्हणजे ते अजगराने अंगाला विळखा घातल्यासारखं पितळी धूड. अख्ख्या ताफ्याचा खर्ज एकटे काका सांभाळायचे.

आता हे टाइप करणं तसं सोपं. वर 'बेस क्लेफ' असं लिहायचं, की सूर मांडायच्या पाच रेघांच्या सुरुवातीला कानासारखी खूण उमटते आणि वाजवणाऱ्याला कळतं, या रेघा खालच्या सुरांच्या. मग एकेका सुराला एकेक अक्षर. अक्षरापुढे स्वल्पविराम दिला की सूर एक सप्तक खाली. दोन दिले की आणखी खाली, थेट फरशीत. काकांचा मुक्काम कायमचा तिथेच, त्यामुळे त्यांच्या पानावर स्वल्पविराम नुसते मुंग्यांसारखे!

त्यात नव्या सभागृहाचं उद्घाटन तोंडावर आलेलं. वरून फर्मान असं, की त्या दिवशी जे वाद्य ऐकू येणार नाही ते अनावश्यक समजून त्याची जागा रद्द. काका हसले होते. त्यांचा ट्यूबा गल्लीच्या टोकाला खिडक्या हलवतो, त्यांना कसली भीती?

पण आदेशात आणखी एक ओळ होती. जे जे अक्षरांत, ते ते भाषा तपासनिसाच्या हाताखालून जाणार.

तालमीला काकांनी पान उघडलं. सूर पाचही रेघा सोडून वर, छपरावर चढलेल्या मांजरांसारखे. काकांनी छाती भरून घेतली, डोळे बाहेर आले, आणि त्या धुडातून पिपाणीसारखं काहीतरी केविलवाणं निघालं.

"अगं टकटके, मला काय कोकिळेच्या जागेवर नेमलंय का?"

टकटक धावत तपासनिसाकडे.

"साहेब, माझे स्वल्पविराम कुठे गेले?"

"काढले. स्वल्पविराम म्हणजे काय, बाई?"

"म्हणजे... थोडं थांबायचं."

"अल्प विश्रांती! आणि तुमचे काका एकेका सुरामागे दोन-दोन विश्रांत्या घेतायत. कार्यालयीन वेळेत!"

"अहो, थांबायचं नाहीये. आवाज खाली आणायची खूण आहे ती."

"आवाज खाली आणायचा तर भिंतीवर 'शांतता राखा' लावा. त्यासाठी व्याकरण कशाला वेठीला धरता? आणि हो, तो 'बेस' शब्द बोलीतला आहे. 'उत्तम' केलाय."

सॉफ्टवेअरला 'उत्तम' काही कळेना, म्हणून ते एवढं तरी परत मिळालं. पण स्वल्पविराम नाहीच. मग टकटकने डोकं लढवलं. सॉफ्टवेअरमध्ये एक आज्ञा असते. वर एकदा लिहिली की पुढचे सगळे सूर आपोआप खाली उतरतात, एकही स्वल्पविराम नको. तिने ती लिहिली, नाचत घेऊन गेली.

तपासनिसाने चष्मा काढला. "सगळ्यांना सरसकट खाली? बाई, ही सामूहिक पदावनती झाली. आधी प्रत्येक सुराला कारणे दाखवा नोटीस काढा."

ती बँडमास्तरकडे गेली. "मास्तर, तुम्ही तरी सांगा ना!"

"पोरी, कागदावर असेल ते मी वाजवून घेतो. कागदावर काय असावं, हा विषय संगीतात येत नाही."

शेवटी प्रकरण संचालकबाईंच्या टेबलावर. बाई समंजस. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी मधला मार्ग काढला: स्वल्पविराम मंजूर. मात्र विश्रांती ती विश्रांतीच, सबब ती काकांच्या रजेतून वळती करावी.

टकटकला वाटलं, जिंकलो! काकांनी जन्मात रजा घेतलेली नव्हती, ढीग साठलेला. पण खर्ज केवढा खादाड असतो माहितीये? वाजवायच्या तीन गतींपैकी पहिल्याच गतीत किरकोळ रजा संपली. दुसरी संथ होती, तिने अर्जित रजा गिळली. तिसरीने आजारपणाची. टकटकने प्रसूती रजेचंही विचारून पाहिलं, काका नियमात बसेनात. आणि उद्घाटनाच्या सकाळी, कडक इस्त्रीच्या गणवेशात, ट्यूबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेले काका विनापरवानगी गैरहजर ठरले.

"काका, तुम्ही आलेले नाहीत," मास्तर म्हणाले.

"अहो, हा काय समोर बसलोय!"

"बसा की! बसायला कोण नको म्हणतंय? पण गैरहजर माणसाचा आवाज आला, तर मी वर काय उत्तर देऊ?"

पडदा उघडला. सनया नसलेल्या वरातीसारखं नव्हे, त्याहून वाईट: पायच नसलेल्या वरातीसारखं ते संगीत हवेत तरंगत निघालं. बासऱ्या किलबिलल्या, झांजा खणखणल्या, खाली काहीच नाही. काका नुसत्या कळा दाबत होते, फुंकर न घालता. टकटक विंगेत नखं खात उभी.

मग संचालकबाई माईकवर आल्या. "रसिकहो, मोकळेपणाने सांगा. आज काही कमी वाटलं का?"

टकटकने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे काकांच्या ओळखीची, त्यांच्या ट्यूबावर लहानपणापासून नाचलेली माणसं बसलेली. तिला वाटलं, कुणी नाही तर हे तरी बोलतील.

तुम्हीच होता ना रे तिथे? "नाहीऽऽ!" सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं? वर 'वन्स मोअर' कुणाचा होता?

मघापासून तपासनिसाला शिव्या घालताय, खुशाल घाला. पण काकांची जागा रद्द झाली त्या ठरावात त्याचं नावही नाही. तिथे कारण लिहिलंय: 'रसिकांच्या एकमुखी पसंतीस अनुसरून.'