हात ठेवा, काकू

आमच्या मजल्यावरचा तन्मय साळवी कधी बेल वाजवत नाही. तो दारावर तळहात ठेवतो आणि घरात काय काय चालू आहे ते ओळखतो. मी दार उघडलं की म्हणतो, "काकू, मिक्सर चालू होता ना? भांडं नीट बसलेलं नाही." आता माझं भांडं बसलंय की उभं आहे याची या मुलाला काय उठाठेव? पण बसलेलं नसतं, हेही खरंच.

"हात ठेवा, काकू, हात ठेवा," हे त्याचं पालुपद. सिंगापूरला बेडोकच्या या ब्लॉकमध्ये राहायला आल्यापासून मी ज्या ज्या वस्तूंवर हात ठेवला आहे, त्या सगळ्या सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. फ्रिजवर ठेवला, लिफ्टच्या दारावर ठेवला, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, खिडकीवर तर भरगच्च डब्यात, चार माणसं टकामका बघत असताना ठेवला. "कळलं? चाक एका जागी घासून सपाट झालंय." मला कप्पाळ कळतंय. पण त्याचा चेहरा इतका फुललेला असतो की मी आपली मान डोलावते.

एकदा मीच माझ्या मैत्रिणीच्या भाचीशी त्याची गाठ घालून दिली. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, भेटले दोघं. मुलगी विद्यापीठात संशोधन करणारी, देखणी, बोलकी. या गाढवाने तिला उसाच्या रसाच्या दुकानापाशी नेलं, तिचा हात धरला आणि ठेवला कुठे, तर चरकावर. म्हणे, "बेल्ट ढिला आहे, फील होतंय?" तिला काय फील झालं देव जाणे, पण नंतर तिने फोन उचलला नाही. मी बोलबोल बोलले, तर हा इथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणतो, "काकू, बेल्ट खरंच ढिला होता लाह."

ही विद्या त्याला मिळाली वडिलांकडून. साळवी भाऊजी मूळचे रत्नागिरीचे, जन्म गेला जहाजाच्या इंजिनरूममध्ये. तिथल्या कल्लोळात ते यंत्रावर पंजा टेकून बेअरिंगची तब्येत सांगत. आणि जहाज सिंगापूरला लागलं की पठ्ठ्या घरी जेवायच्या आधी कॉजवेचा पूल ओलांडून मलेशियात जोहोरला पळायचा, शर्यतीला. शर्यतीची गाडी म्हटल्यावर मला वाटलं, काहीतरी जमिनीला चिकटलेलं, पंखबिंख असलेलं असेल. कसलं काय. रस्त्यावर धावते तसलीच चौकोनी जुनी गाडी, आतल्या सीटा उपटलेली. तिला स्टॉक कार म्हणतात. कितीतरी वर्षं भाऊजी तिच्यापायी वेडे होते.

मग त्यांचे कान गेले. इंजिनरूमनेच नेले. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यात सगळं भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं म्हणून ते खणात पडून आहे. एके दिवशी त्यांनी गाडीची किल्ली तन्मयच्या हातावर ठेवली, आणि त्यानंतर ट्रॅकवर पाऊल टाकलं नाही. "आवाजाशिवाय शर्यत कसली? मला तिथे नेऊन पुतळा उभा करायचाय का?" असं म्हणायचे आणि टीव्हीकडे तोंड वळवायचे.

तन्मय बसच्या डेपोत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी बापाची गाडी पळवतो. परत आला की आधी माझ्याकडे येऊन कणकेची परात घेऊन जातो, कारण शुभा, म्हणजे त्याची आई, स्वतःची देत नाही. तिला या शर्यतींची इतकी धास्ती की त्या दिवशी ती फोन बंद करून देवापुढे बसते. तर हा बापासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो, परातीचं स्टीअरिंग करतो आणि पूर्ण शर्यत पुन्हा चालवून दाखवतो, तीही बापाला ऐकू जाईल अशा आवाजात. अख्ख्या मजल्याला त्याचं प्रत्येक वळण पाठ आहे. मी पोळ्या खोळंबवून दारात उभी राहते, कारण खोटं कशाला बोलू, मलाही थरार वाटतो. सगळं ऐकून भाऊजी एवढंच विचारतात, "ऑइल बदललंस?" तन्मय मान हलवतो आणि मला परात आणून देतो. त्या वेळचा त्याचा चेहरा मला बघवत नसे.

हंगामातली शेवटची शर्यत आली. या खेपेला तन्मय पहिला येईल असं सगळे म्हणत होते. त्याला पहिल्या नंबराचं फारसं नव्हतंच. "बाबा एकदा आले पाहिजेत, काकू," एवढंच तो घोकत होता. भाऊजी नाहीच म्हणाले. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सरळ त्यांना हाताला धरून आमच्या घरात आणलं, वॉशिंग मशिन चालू केलं आणि ओरडले, "भाऊजी, बघा हो, काय झालंय याला."

त्यांनी पंजा टेकला. क्षणभर डोळे मिटले. "बेअरिंग," म्हणाले.

"ऐकू आलं का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मशिनकडे बघितलं, आणि तडक घरी गेले. मला वाटलं, दुखावला माणूस. पण शर्यतीच्या सकाळी मी थालीपिठांचा डबा घेऊन निघाले, तर लिफ्टपाशी भाऊजी उभे. डोक्यावर जुनी टोपी, खिशात पासपोर्ट.

तन्मय आदल्या दिवशीच गेला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा गाड्या रांगेत लागलेल्या. तन्मयचा मेकॅनिक मुरुगन याने भाऊजींना ओळखलं आणि आम्हाला ट्रॅकच्या कडेच्या बुटक्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर लोखंडी कठडा होता. शर्यत सुटली. त्या आवाजाने हातातल्या डब्याचं झाकण खुळखुळायला लागलं. भाऊजींनी हळूच कठड्यावर पंजा ठेवला.

पहिल्या फेरीला तन्मय सगळ्यांच्या पुढे होता. समोरून जाताना त्याचं डोकं किंचित आमच्याकडे वळलं. आणि दुसऱ्या फेरीला कार्टं भिंतीला खेटून गेलं, इतकं की माझा पदर उडाला. तिसऱ्या फेरीलाही तसंच. मुरुगन कपाळ बडवायला लागला. पुढचं वळण भिंतीच्याच बाजूचं, त्यामुळे खेटून आलं की ते अरुंद मिळतं आणि वेग घालवावा लागतो. तो रेडिओवर ओरडत होता, "लांब राहा, लांब राहा." तन्मय ऐकेना. दर फेरीला मागची लाल गाडी जवळ येत गेली. भाऊजींचे डोळे मिटलेले होते. गाडी गेली की कठडा थरारायचा, आणि ते पुटपुटायचे, "आता चौथा गिअर टाकला. तापलीय, पण दमाने घेतोय." तोंडावर असं हसू की त्यांच्याकडे बघू की ट्रॅककडे, मला कळेना.

शेवटच्या फेरीत लाल गाडी पुढे निघून गेली. तन्मय दुसरा आला.

गाडी थांबल्याबरोबर मुरुगन त्याच्यावर धावून गेला. तन्मयने हेल्मेट काढलं, घामाने निथळत होता. "बाबांचा हात कठड्यावर होता," तो म्हणाला. "लांबून गेलो असतो तर त्यांना काय कळलं असतं?"

भाऊजींना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. ते सावकाश चालत आले, गाडीच्या टपावर पंजा ठेवला आणि लेकाला म्हणाले, "पुढच्या वेळी भिंतीपासून लांब राहा. मला तिथूनही कळतं."

तन्मयने हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं, त्याची काच खाली ओढली आणि स्टीअरिंग धरून बसून राहिला. गाडी केव्हाची बंद झाली होती.