पाणी बघून निघणारा मुराळी

जोमा नाखव्याला किती वाजले म्हणून विचारलं, तर तो पाणी सांगायचा.

"पाऊन चढलंय," म्हणायचा. नाहीतर, "आता उतराय लागलंय." मी मूळचा घाटावरचा, बदली होऊन कुलाबा जिल्ह्यात आलेला प्राथमिक शाळेचा मास्तर. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अहो नाखवा, पण वाजले किती?" तो माझ्या मनगटाकडे बघत राहिला. "मास्तर, घड्याल तुमच्या हातात, नि इचारता मना?"

आमची वाडी रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला. डॉक्टर, बाजार, पोस्ट, एस.टी., सगळं पलीकडे रेवदंड्याला, आणि पलीकडे जायचं तर जोमाच्या तरीशिवाय मार्ग नाही. तर म्हणजे माणसं, कोंबड्या, भाताची पोती असं सगळं एकदम नेणारी रुंद होडी. भरतीला ती सुरेख चाले. ओहोटी लागली की खाडीचा निम्मा चिखल उघडा पडे आणि तर जागच्या जागी बसे. मग मधोमध अडकलेले उतारू जोमाला शिव्या देत, आणि जोमा बांबू मांडीवर आडवा घेऊन म्हणे, "पानी बघून बोला."

हे त्याचं पालुपद. एकदा आमचे शाळा तपासनीस ऐन ओहोटीला पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले. कोट, टोपी, हातात छत्री. तिथून ओरडले, "मी सरकारी माणूस आहे, होडी आण." जोमा इकडून ओरडला, "सरकार असाल, पन पानी न्हाय." साहेब तीन तास काठावरच्या दगडावर बसले. आमच्या शाळेचा शेरा त्या वर्षी काय आला ते मी सांगत नाही.

जोमाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाऊणकी तोंडपाठ होती. आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. एवढ्या एका हिशेबावर त्याचा संसार चाले. केस कापायचे ते ओहोटीला, कारण भरतीला कापले तर आठवड्यात परत वाढतात. भरतीला चहा कपभर, ओहोटीला अर्धा. माझ्याकडच्या सत्यनारायणाला मी त्याला पाचचं आमंत्रण दिलं, तर हा दुपारी एकला हजर. आम्ही अजून केळीचे खांब बांधत होतो. "पाचला पानी उतरतंय," म्हणाला, "उतरत्या पान्यात परसाद अंगाला लागत न्हाय." आणि आम्ही पूजेला बसायच्या आत प्रसादाचा शिरा खाऊन गेला. माझी बायको त्याच्याशी चार महिने बोलत नव्हती.

घरी तो एकटाच. बायको गेलेली, तेव्हा मुलगी चंद्री चार वर्षांची. तिला त्यानेच वाढवली, तरीवर बसवून. पुढे तिचं लग्न झालं. जावई चिंचवडला एका कारखान्यात लागला, म्हणून ती सासूसकट पुण्याजवळ जाऊन राहिली. आता आमच्याकडे रीत अशी, की माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय सासुरवाशीण माहेरी निघत नाही. त्या माणसाला मुराळी म्हणतात. हा मान भावाचा, पण चंद्रीला भाऊ नव्हता. म्हणजे मुराळी व्हायचं ते जोमानेच.

तीन वर्षं हा मुराळी निघालाच नाही. विहीणबाईंचं कार्ड आलं की मी वाचून दाखवायचं आणि उत्तर लिहायचं, "पाणी जुळत नाही, पुढच्या पंधरवड्यात बघतो." त्याच्या मते लांबच्या प्रवासाला चढत्या पाण्यावरच पाऊल उचलावं, आणि परतीलाही तसंच. ते दोन्हीकडचं एका फेरीत जमेना. शेवटी विहीणबाईंनी लिहवून पाठवलं, "व्याही, समुद्र तुमच्या गावात राहतो, की तुम्ही समुद्राकडे नोकरीला आहात?" त्याखाली आणखी एक ओळ होती. चंद्रीचा सातवा महिना सरला आहे, या खेपेला स्वतः आलात तर पोर घेऊन जा, न आलात तर बाळंतपण इथेच, आणि यापुढे मुराळ्याची वाट आम्ही बघणार नाही.

हे ऐकून जोमा जो कामाला लागला तो विचारू नका. घराला चुना दिला. जुनं वल्हं आढ्याला आडवं बांधून त्याला शिडाच्या कापडाचा पाळणा टांगला. मग पाळणा वजन धरतो की नाही ते बघायला शाळेतला पृथ्वीचा गोल मागायला आला.

"गोल कशाला हो?"

"सगला दर्या हिच्यात हाय म्हनता ना? मंग जड असंल."

मी आपला दिला. त्याने गोल पाळण्यात निजवला, वर फडकं घातलं आणि दोरी धरून अर्धा तास हलवत बसला. दुसऱ्या दिवशी तो परत केला आणि म्हणाला, "नातू येतोय माजा, हितंच येतोय." माणूस एवढा खूश झालेला मी क्वचितच पाहिला असेल.

बोर्ड वाचायला आणि गाडी दाखवायला त्याने मला बरोबर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत चढतं पाणी बघून निघालो. रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावरून बोरीबंदर, तिथून पुण्याची गाडी. लाँचच्या सारंगाला त्याने वाटभर पाणी शिकवलं, ते सोडा. जोमाच्या खांद्यावर सुक्या बोंबलांचं आणि वाकट्यांचं हे एवढं बोचकं होतं. गाडीत शिरून ते बाकाखाली सारलं, तर कर्जत येईपर्यंत आमच्या आजूबाजूचा बाक पार मोकळा झाला. जोमा पाय पसरून खिडकीशी बसला. "देशावरची मानसं लय मानाची," मला म्हणाला. "परक्याला जागा करून देतात."

चिंचवडला रात्रीचं जेवून निजलो. सकाळी दहाच्या गाडीने चंद्रीला घेऊन परत, असं ठरलेलं. चंद्री सगळी तयारी करून बसली होती. पहाटेच उठून पत्र्याची ट्रंक बांधली होती, आणि दर पाच मिनिटांनी बाबांकडे बघून हसत होती. जोमा म्हणाला, "जरा नदीवर आंगोल करून येतो, पानी पन बघतो." मीही लगबगीने त्याच्यामागे निघालो.

पवनेचा घाट जुना, दगडी. काठावर गणपतीचं देऊळ, वर झाडांची सावली. जोमाने आधी माझे आणि त्याचे कपडे उचलले आणि वीस पायऱ्या वर नेऊन ठेवले. भरती आली तर वाहून जायला नकोत. परिणामी अंघोळ झाल्यावर आम्हा दोघांना ओल्या लंगोटीवर, पाणी भरायला आलेल्या बायकांच्या मधून वीस पायऱ्या चढाव्या लागल्या. एक बाई तर घागर खाली ठेवून तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग त्याने एक काटकी पाण्याच्या कडेला खोचली आणि शेजारी संध्या करत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, भरती कवा लागते?"

"नदीला भरती नसते बाबा."

"तुमी हितं नवीन का?"

"सत्तर वर्षं झाली."

जोमाने मान हलवली. "मंग लक्ष न्हाय तुमचं," म्हणाला.

आणि तो त्या काटकीजवळ फतकल मारून बसला. पाणी चढायला लागलं की निघू, म्हणाला. दहाची गाडी गेली. मी समजावलं, भूगोल सांगितला, शेवटी हात जोडले. ही नदी आहे, समुद्र इथून कोसांवर आहे, चंद्र इथे काही करू शकत नाही. "पानी बघून बोला, मास्तर." दुपार झाली. काटकी होती तिथेच, पाणी होतं तिथेच. तो मधूनच उठून काटकी जवळून बघे, बोटाने चाचपे आणि परत बसे.

तीनच्या सुमाराला विहीणबाई स्वतः घाटावर आल्या. पदर खोचलेला. "व्याही, पोर सकालपासून टरंकेवर बसलीय. तुमचं काय चाललंय?"

जोमाने विचारलं, "विहीनबाय, हितं पानी उतरतच न्हाय?"

"पावसालीत चढतं, मंग उतरतं. बाकी हाय तसंच."

"रोज हाय तसंच?"

"तीन वरसं बघतेय."

त्याने वर घाटाकडे पाहिलं. "दवाखाना कवडा लांब?"

"त्यो काय, वडाच्या पलीकडं. चालत जायचं."

"मधी खाडी, चिखल?"

"रस्ता हाय सरल," विहीणबाई म्हणाल्या. "डोकं ठिकानावर हाय ना तुमचं?"

जोमाने काटकी उपटली, धुतली आणि खिशात घातली. घरी जाऊन चंद्रीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, तू हितंच ऱ्हा. पानी बरोबर न्हाय."

मी डोक्याला हात लावला. विहीणबाईंनी भांडी आपटायला सुरुवात केली, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. चंद्री आधी बघतच राहिली. मग ट्रंकेवर बसल्या जागी रडायला लागली. "बाबा, तीन वरसं वाट बघितली मी. तुमाला पानीच पायजे, मी नकोच." जोमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, बोचकं चुलीपाशी ठेवलं आणि खाली मान घालून बाहेर पडला.

परतीच्या गाडीत मी त्याला वाट्टेल ते बोललो. इतकं, की समोरचे लोक माझ्याकडे रागाने बघायला लागले. कर्जत गेल्यावर तो बोलला.

"चंद्रीची आय दुसऱ्या बालंतपनात गेली, मास्तर. दुपारची अडली. डाकटर रेवदंड्याला. मी तिला तरीत घातली नि निघालो. मधी पानी सरलं." खिडकीबाहेर बघत तो बोलत होता. "तर बसली चिखलात. मी खाली उतरून ढकलत व्हतो. कमरेवर चिखल. पानी परत आलं तवा ती न्हवती. तवापासनं मी पानी बघतो."

मी लाजलो. मग म्हटलं, "चंद्रीला हे लिहितो. तिचा गैरसमज झालाय."

"आता नको. पहिलटकरीन हाय. आयचं मरन डोक्यात घेऊन बालंत व्हईल का? रागावली तर रागावू दे."

पुढचे दीड-दोन महिने तो पाळणा वल्ह्याला तसाच टांगलेला होता. मी गेलो की जोमा त्याच्याकडे पाठ करून बसे. एका शनिवारी मी रेवदंड्याहून दुपारी परतत होतो, आणि व्हायचं तेच झालं. तर मधोमध चिखलात बसली. दोन ते चार आम्ही दोघेच तिथे. मी माश्या मारत होतो, आणि जोमा उघड्या चिखलाकडे बघत होता. पालुपदसुद्धा म्हणाला नाही.

बुधवारी कार्ड आलं. मी ते पळतच त्याच्या घरी नेलं आणि वाचलं. शनिवारी दुपारी तीन वाजता चंद्रीला मुलगी झाली. आडवी आली होती, फार त्रास झाला. ऐन वेळी दवाखान्यात नेली म्हणून निभावलं. दोघी खुशाल.

जोमाने बोटं मोजली. "शनिवारी बारस व्हती. बाराची पाऊनपट नऊ. नऊला भरती, मंग तीनला..."

"तीनला आपण चिखलात होतो, नाखवा," मी म्हटलं.

तो पाळण्याची दोरी धरून रडला. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? मग त्याने डोळे पुसले, खिशातून ती चिंचवडची काटकी काढून पाळण्यात ठेवली आणि म्हणाला, "आता लिहा चंद्रीला. तिच्या आयचं, चिखलाचं, सगलं लिहा. नि लिहा, सव्वा महिना झाला की मुराली येतोय, दोगींना न्यायला."

मी कार्ड काढलं. "कोणत्या पाण्याला निघताय म्हणून लिहू?"

त्याने दाराबाहेर खाडीकडे पाहिलं. मग माझ्या मनगटाकडे.

"पुन्याची गाडी कवा असते त्ये लिहा," म्हणाला. "आनि मना जरा घड्याल शिकवा."

मी घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. पाऊण त्याला आधीपासून येतच होतं. बाकीचं शिकवायला दोन दिवस लागले.