या कामाला कान किती?

मेहेरबान वाचकांचे सेवेशी सादर. इसम : सखाराम धोंडी गावडे ऊर्फ बापू, राहणार पुनावळे, वय पन्नाशीपुढे, धंदा सांगता येत नाही. घटनेचा दिवस : मंगळवार. घटनास्थळ : पिंपरीच्या एका नव्या कारखान्यातील, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांची शेड. साक्षीदार : शेडमधील वीस कामगार, एक मुकादम, एक साहेब आणि मी स्वतः, चिंचवडच्या चावडीबाहेर बसणारा अर्जनवीस.

बापूंना एक खोड आहे. कोणी काम करताना दिसला की ते समोर उकिडवे बसतात, अर्धा तास टक लावून पाहतात आणि विचारतात, "ह्या कामाला पाय किती लागत्यात? डोळं किती?" चावडीतल्या कारकुनासही त्यांनी सोडले नाही.

"पाय दोन!" कारकून गुरकावला.

"सकाळधरनं बगतोय, तुमी उठला न्हाई. पाय शून्य."

कारकून त्या दिवशी विनाकारण तीन वेळा पाणी प्यायला उठला.

वाचकांस ही चेष्टा वाटेल. परंतु याच मोजदादीतून बापूंनी पांगळ्या काशीबाईस औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकविण्याच्या कामी बसविले आणि एका हाताच्या नामदेवास पिंपरीच्या त्या नव्या कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्यास उभे केले. राहिला होता गणपा. जन्माचा मुका-बहिरा, अंगाने पहिलवान. तीन कारखान्यांच्या फाटकांवरून तो परत आला होता. चौथ्यावर नकार मिळाला तर पुन्हा कोणाच्या दारी जाणार नाही, असे त्याने बापूंना हातांनी बजावले होते.

त्याचा अर्ज मी माझ्या नेहमीच्या रीतीने सुरू केला : 'दीन, अनाथ, दैवाने गांजलेला अर्जदार...'

"थांबा राव," बापू म्हणाले. "त्याची आई जित्ती हाय. अनाथ कुणी केला?"

"त्याने अर्जास वजन येते, बापू."

"वजन त्यो उचलंल. दोन मण उचलतो. त्ये लिवा."

वीस वर्षांत माझ्या मजकुरावर काट मारणारा हा पहिला इसम. मी 'दोन मण उचलतो' असे लिहिले.

मंगळवारी बापू, गणपा आणि मी तो अर्ज घेऊन पिंपरीच्या कारखान्यात गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि मान हलविली. "बहिरा माणूस यंत्रापाशी? धोक्याची घंटा त्याला कशी ऐकू येणार?"

"साहेब, शेडीत चला आन् ती घंटा वाजवा की," बापू म्हणाले.

आत यंत्रे अशी आदळत होती की माझे दातही थरथरले. साहेबांनी घंटेची दोरी ओढली. घंटेचा लोळा हलताना मी डोळ्यांनी पाहिला. कानी काही पडले नाही. वीस कामगारांपैकी एकानेही मान वळविली नाही. सारे एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलत होते. मुकादमाने गणपाकडे पाहून मूठ फिरविली, गणपाने बोटे नाचवून उत्तर दिले, आणि दोघेही हसले. बहुधा साहेबांच्या हॅटला.

बाहेर येताच मुकादम ओरडला, "आरं, ह्याला आमची बोली आधीच येती! नव्या माणसाला महिना लागतो शिकाया!"

बापूंनी साहेबांकडे वळून शांतपणे विचारले, "मंग साहेब, ह्या कामाला कान किती?"

साहेबांनी हॅट काढून काखेत धरली. "शून्य," ते म्हणाले. त्यांनी जागच्या जागी दोन हुकूम दिले : गणपा उद्यापासून दुपारच्या पाळीला हजर, आणि घंटेऐवजी सर्वांसाठी लाल दिवा. गणपाने बापूंना उचलून खांद्यावर घेतले. फाटकावर नामदेवाने आपल्या एका हाताने कडक सलाम ठोकला. असा विजय मी कोर्टातही पाहिलेला नाही.

परतताना मी विचारले, "बापू, ही हातांची बोली आपण कोठे शिकलात?"

"घरच्या मान्सापाशी. ती बोलत न्हवती. सात वर्सं झाली जाऊन." थोडे चालून ते म्हणाले, "गणपा रोज सांजच्याला वट्यावर यायचा. लई बोलायचो आमी. आता त्याची दुपारची पाळी. बरं झालं." आणि त्यांनी दोन्ही हात बंडीच्या खिशांत घातले.

सबब विनंती की, वाचकांपैकी ज्यांची त्या साहेबांशी ओळख असेल त्यांनी हा अर्ज त्यांना पोचवावा आणि गणपास कायमची सकाळची पाळी देववावी. बापूंनी हे मागितलेले नाही, मागणारही नाहीत. म्हणून मी मागतो. उत्तर लेखी यावे. मी चावडीबाहेर दिवस मावळेपर्यंत बसलेला असतो.