चंद्रीचा डावा पाय

रुपराव टांगेवाल्याची घोडी चंद्री सोमवारपासून डाव्या पायानं लंगडत होती आणि शनिवारी टांग्यांची तपासणी होती. लंगडं जनावर दिसलं की तपासणीसाहेब टांग्याचा पितळी बिल्ला जागच्या जागी काढून घेत. बिल्ला गेला की टांगा म्हणजे दोन चाकांवरचं नुसतं बाकडं. त्यातून साहेबांचा रुपरावावर आधीच दात होता. नागपुरातल्या बर्डीच्या अड्ड्यावर साहेब आले की चाळीस टांगेवाले ताडकन उभे राहून सलाम ठोकत. रुपराव मात्र गादीवर मांडी घालून बसलेला.

"मी उठतो सवारीसाठी, नाहीतं घराले आग लागली तं. सलामासाठी नाही उठत," असं तो अड्ड्यावर मोठ्यानं सांगे. साहेबांच्या कानावर ते गेलं होतंच.

मंगळवारी नालबंदानं चारी नाल बदलले. घोडी लंगडतच राहिली. बुधवारी रुपराव गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टर वामनरावांनी घोडी टांग्यातून सोडायला लावली, खूर ठोकून पाहिले, गुडघे चाचपले आणि चपराश्याकरवी तिला अंगणात फिरवलं. चंद्री नव्या नवरीसारखी ठुमकत चालली.

"ठणठणीत आहे घोडी. घेऊन जा."

रुपरावानं टांगा जोडला, फाटकाबाहेर नेला, आणि चंद्री पुन्हा लंगडली! तो तसाच परत आला. घोडी सोडली, चालवली. ठणठणीत! असं तीनदा झालं.

"रुपराव, थट्टा करता का माझी?"

"थट्टा मी नाही, घोडी करून राहिली. तुमच्या अंगणात हरणी अन् माह्या रस्त्यावर लंगडी! हे काहून होते, ते सांगतल्याबिगर मी उद्याही येईन, परवाही येईन."

आणि गुरुवारी तो खरंच हजर झाला. डॉक्टरांनी खिडकीतून त्याला पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

घरी रुखमाबाईनं, म्हणजे रुपरावाच्या बायकोनं, निकाल केव्हाच देऊन टाकला होता. "दृष्ट लागली, दुसरं काय? अशी पांढरीशुभ्र घोडी अड्ड्यावर हाये का कोणाची?" आणि ती रोज सकाळी टांग्याभोवती काहीतरी पुटपुटत फिरून येई. उपाय काय केला ते मात्र सांगेना. सांगितला की उपाय लागू पडत नाही, अशी तिच्या माहेरची रीत. नवरा लाख विचारो, हिच्या तोंडाला कुलूप!

सांगायचं नाही असं रुपरावाजवळही एक होतंच. रविवारी रुखमाबाईनं टांग्याची गादी नवीन शिवली आणि सोमवारपासून त्याला फोड आले होते. आणि कुठे, तर माणूस जिथे बसतो नेमके तिथे, उजव्या बाजूला. उन्हाळ्याचे असतील, असं मनाशी म्हणून तो गप्प बसला. गप्प बसला म्हणायचं एवढंच, बसणं कसलं ते!

शुक्रवारी तो दवाखान्याच्या पायरीवर ठाण मांडून उभा राहिला. सोबत रुखमाबाईही आली होती. "डॉक्टरसायेब, आज घोडी सोडत नाही. तुमीच टांग्यात बसा अन् पाहा."

सुटका करून घ्यायची म्हणून डॉक्टर पुढच्या बाजूला रुपरावाशेजारी बसले, रुखमाबाई मागे. टांगा निघाला. घोडी लंगडली. डॉक्टरांनी पाय पाहिला, मग लगाम पाहिला, मग रुपरावाला. तो पार डावीकडे कलंडला होता आणि पडू नये म्हणून डाव्या लगामाला लोंबकळत होता. घोडीचं तोंड एका अंगाला ओढलेलं.

"रुपराव, जरा सरळ बसा."

"नाही बसत."

"काहून?" डॉक्टरांच्या तोंडूनही नागपुरी निघाली.

"माही मर्जी."

"बाई, तुम्ही धरा लगाम."

रुखमाबाईनं पदर खोचला आणि लगाम हातात घेतला. चंद्री चारी पायांनी अशी सरळ धावली की रस्त्यावरचे दोन म्हातारे, बाई टांगा हाकते म्हणून, तोंड उघडं टाकून पाहत राहिले.

डॉक्टरांनी टांगा थांबवून गादी उचलली. खाली काळ्या दोऱ्यात ओवलेले अकरा बिबे! वजनानं चेपलेले, उन्हानं पाझरलेले. गादीच्या उजव्या अंगाला त्यांचं कातडी भाजणारं तेल भिनलेलं.

"हे काय वं?" रुपराव ओरडला.

"दृष्टीचे हायेत. रविवारी एकच ठेवला होता," रुखमाबाई बारीक आवाजात म्हणाली. "घोडी लंगडली म्हणून मंग रोज दोन दोन वाढवले."

"बिबा उतलाय तुम्हाला," डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "खोबरेल लावा आणि आठ दिवस बसू नका. जनावरांचा डॉक्टर आहे मी, तरी एवढं सांगतो."

शनिवारी रुपराव टांग्यात उभा राहूनच अड्ड्यावर आला.

"अजी, दुखून राहिलं म्हणून सांगून टाका ना साहेबाले," मागच्या बाजूनं रुखमाबाई कुजबुजली.

"त्या माणसाले? मेलो तरी नाही!"

लगाम सैल, चंद्री सरळ. साहेबांनी घोडीकडे जेमतेम पाहिलं. त्यांची नजर खिळली होती उभ्या रुपरावावर. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे वा, रुपराव! शेवटी उभा राहिलास! आली ना अदब अंगात? बघा रे सगळे!" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर शिक्का मारून नव्या सालाचा बिल्ला टांग्याला ठोकला.

चाळीस टांगेवाले माना उंचावून पाहू लागले. रुपरावाचे कान लाल झाले.

"गप राहा, बिल्ला भेटला ना. चला आता," रुखमाबाईनं मागून त्याचा सदरा ओढला.

चंद्री दहा पावलं गेली असेल-नसेल. रुपरावानं लगाम खेचला, उभ्या उभ्याच मागे वळला आणि अख्ख्या बर्डीला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ सायेब! अदब-फिदब काही नाही! ढुंगणावर बिबा उतला मले, म्हणून उभा हावो! येत्या शनिवारी या, बसूनच भेटतो तुमाले!"

रुखमाबाईनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. साहेब हातातला शिक्का कुठे ठेवावा ते शोधत राहिले, आणि चंद्री घराकडे निघाली, चारी पायांनी सरळ.