खाऱ्या पाण्यातल्या रुग्णाची विचारपूस

आजाऱ्याला औषधाने उतार पडतो, हा एक जुना गैरसमज आहे. उतार पडतो तो विचारपुशीने. आमच्या कोल्हापुरात आजारी बरा होवो न होवो, बघायचा राहून गेला असे कधी होत नाही.

हीच सोय गणपतराव चौगुल्यांच्या माशालाही मिळाली. मासा समुद्रातला. रत्नागिरीला दिलेल्या लेकीने पाठवलेला, सोबत समुद्राच्या पाण्याचे डबे एस्टीच्या टपावरून (कंडक्टरने चव घेऊन खात्री केली होती). लेक दिवाळीला यायची होती आणि तोवर मासा जगवायचा, एवढाच गणपतरावांना ध्यास. निवृत्त माणसाला दुसरा कसला असणार.

एके दिवशी माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. ट्रंक कॉल लावला तेव्हा रत्नागिरीच्या एका जाणकाराने सांगितले, की माशाला ताण आला आहे आणि ताणाने रोग बळावतो. वेगळ्या पाण्यात ठेवा, औषध सोडा, अंधार करा, कोणी जवळ जाऊ नका.

गणपतरावांनी मासा आतल्या खोलीत हलवला. इथे त्यांचे चुकले. आमच्याकडे आतल्या खोलीत हलवणे म्हणजे काय, हे गल्लीला सांगावे लागत नाही. संध्याकाळपर्यंत जिन्यावर चपला काढायला जागा उरली नाही.

आलेला प्रत्येकजण आधी काच वाजवी. त्याने रुग्ण ओळखतो की नाही ते कळते. शंभरात नव्व्याण्णवांनी वाजवली (उरलेल्याचा हात प्लॅस्टरमध्ये होता). शेजारच्या चिमणाबाईंनी वाडीचा अंगारा पाण्यात सोडला आणि म्हणाल्या, "चेहरा पार उतरलाय की वो." पिराजी पैलवान शहाळे घेऊन आला होता. त्याने धीर दिला. "भिऊ नगासा. आमच्या साडूच्या अंगावर असंच उठलतं. चौथ्या दिशी गेला, पर तरास न्हाय झाला."

उचगावहून आलेल्या एका अनोळखी गृहस्थांना गणपतराव दारातच म्हणाले, "त्याला इश्रांती पायजे, पावणं."

"व्हय की," असे म्हणून पाहुणे सतरंजीवर बसले.

मासा तळाशी गेला. ते बघून गणपतरावांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांचे निदान : ताण. अंधार, शांतता, भेटीगाठी बंद. त्यांना पुढच्या खोलीत निजवले, तशी आतली सगळी मंडळी शहाळ्यासकट उठून पुढे आली.

अंधारात एकटा पडलेला मासा आठवड्यात बरा झाला. लेक आली तेव्हा छान पोहत होता. गणपतराव मात्र अजून तळाशीच आहेत. मला फार वाईट वाटते, म्हणून मी दिवसातून दोनदा जातो. काल त्यांनी मला बघून डोळे मिटले. ओळखतात का बघावे, म्हणून मी कॉटची पट्टी दोनदा वाजवली.

तुम्ही अजून गेला नाहीत म्हणे. बरे दिसत नाही ते.