उद्घाटनाच्या दिवशी होता तसा दवाखाना

गावचे पुढारी थोरले साहेब वारले, तेव्हा त्यांच्या सेवामय जीवनाचे यथोचित स्मारक व्हावे, याबद्दल गावात कुणाचेही दुमत नव्हते. अडचण एवढीच होती, की सेवामय जीवनातली सेवा नेमकी कुठे आहे ते सापडेना. साहेबांनी पायाभरणी केलेला पूल पायाच्या वर आलाच नव्हता आणि वाचनालयाचा फक्त फलक तयार झाला होता. बरीच डोकेफोड झाल्यावर स्मारक समितीतल्या कुणाला तरी दवाखाना आठवला. दवाखाना खरोखरच होता. त्याला भिंती होत्या, छप्पर होते आणि नवलाची गोष्ट म्हणजे आत पेशंटही होते.

पेशंट होते ते डॉक्टरीणबाईंमुळे. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्याला जे कुलूप लागले, ते बाई नेमणुकीवर आल्या तेव्हाच निघाले. मग कधी वरच्या कार्यालयाचे उंबरे झिजवून, कधी हातापाया पडून आणि बहुतेकदा भांडून बाईंनी नळ आणला, औषधांचे कपाट आणले आणि श्वास कोंडलेल्यांना वाफ द्यायचे यंत्र आणले. यंत्राचा सगळ्यात जास्त उपयोग गिरणवाल्या मावशींना. जन्मभर पीठ दळून छातीत पीठच बसलेले. सुनेच्या खांद्यावर लोंबकळत, ओठ निळे झालेल्या मावशी यायच्या, सवयीने सरळ खाटेवर जाऊन बसायच्या, आणि वाफ घेऊन सुनेला बोल लावत स्वतःच्या पायांनी घरी जायच्या. मोठे हॉस्पिटल फार लांब होते. मावशींचा श्वास तिथवर पुरणार नाही, हे बाईंना पक्के ठाऊक होते.

एके दिवशी ऐन गर्दीच्या वेळी समिती दवाखान्यात आली. बरोबर बाहेरून मागवलेले स्मारकतज्ज्ञ होते.

"स्मारकाचा प्राण म्हणजे अस्सलपणा," तज्ज्ञ म्हणाले. "साहेबांनी उद्घाटन केलं त्या दिवशी ही वास्तू जशी होती, तश्शी आपल्याला जपायची आहे."

बाईंना आनंद झाला. "म्हणजे गळती काढणार ना? आणि रंग?"

"रंगही काढणार. हा नंतरचा आहे."

तज्ज्ञांनी उद्घाटनाचा फोटो बाहेर काढला. फोटोत फीत होती, साहेबांच्या हातात कात्री होती, मागे एक टेबल, पांढरी चादर घातलेली रिकामी खाट आणि पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर होते. तज्ज्ञ फोटो हातात धरून खोलीभर फिरले.

"हे कपाट फोटोत नाही."

"अहो, औषधं आहेत त्यात!"

"ती तर मुळीच नाहीत फोटोत." तज्ज्ञांनी बाकावर बसलेल्यांकडे पाहिले. "आणि हे लोक?"

"हे पेशंट आहेत."

"उद्घाटनाला पेशंट नव्हते. यांच्यामुळे त्या काळाचा आभासच राहत नाही."

बाकावरच्या मंडळींनी ओशाळून पाय आवळून घेतले. बाईंनी विचारले, "मग मी तरी बसू का?"

तज्ज्ञांनी भिंग लावून फोटो पाहिला. कोटातले डॉक्टर म्हणजे साहेबांचे मेहुणे. त्यांची लाकडाची वखार होती. उद्घाटनाला डॉक्टर मिळाला नाही, म्हणून त्यांना ऐन वेळी कोट चढवला होता. गावात त्यांना सगळे मेहुणेबुवा म्हणत, आणि ते अजून धडधाकट होते.

"तुम्ही अस्सल नाही," तज्ज्ञ खेदाने म्हणाले.

"अहो, मी डॉक्टर आहे! ते वखारवाले आहेत!"

"एरवी असतील. त्या दिवशी डॉक्टर तेच होते."

बाई तडक साहेबांच्या मुलाकडे गेल्या. तो आता समितीचा अध्यक्ष होता आणि लोक त्याला धाकटे साहेब म्हणू लागले होते.

"बाई, दवाखाना बंद होतोय असं म्हणू नका. अजरामर होतोय," धाकटे साहेब म्हणाले.

"आणि गिरणवाल्या मावशींना दम लागला तर?"

धाकटे साहेब विरघळले. "त्यांना आपण समारंभात पहिल्या रांगेत खुर्ची देऊ."

मग बाई घरोघर गेल्या. घरात बसून सगळेच चिडले. "शुद्ध अन्याय आहे," असे म्हणत लोकांनी त्यांना चहा पाजला. सभेत बोलाल का, असे विचारल्यावर मात्र कुणाच्या भाच्याला स्मारकात नोकरीला चिकटायचे होते, कुणाला उगाच वाईटपणा नको होता. सभेत धाकट्या साहेबांनी विचारले, "कुणाचा विरोध?" सगळ्यांनी एकदमच आपापल्या चपला न्याहाळल्या. एवढी एकजूट गावात पूर्वी कधी दिसली नव्हती. बाई एकट्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना भावनाविवश न होण्याची विनंती करण्यात आली. त्याच आठवड्यात यंत्र वरच्या कार्यालयाच्या गोदामात गेले, आणि बाईंना पुढील आदेशाची वाट पाहण्याचा आदेश मिळाला.

लोकार्पणाला तोबा गर्दी झाली. मेहुणेबुवा त्याच जुन्या कोटात टेबलाशी उभे होते. कोटाची बटणे मात्र आता लागत नव्हती. दोरीपलीकडे, दारासमोरच्या मांडवात, लोक मोबाईल उंचावून होते. पाहुण्यांनी फीत कापली. मांडवात आधीच धूळ, त्यात अत्तराचा फवारा उडाला, आणि पहिल्या रांगेत गिरणवाल्या मावशींचा श्वास अडकला.

मावशींना दुसरे काय सुचणार? त्या उठल्या आणि दोरीखालून वाकून सवयीने सरळ खाटेवर जाऊन बसल्या. छाती भात्यासारखी हलत होती. मेहुणेबुवा गोंधळले, पण मोबाईल रोखलेले पाहून सावरले, आणि त्यांनी गळ्यातली तपासायची नळी मावशींच्या खांद्याला लावली.

निवेदकाने झटकन माईक उचलला. "पाहा, रसिकहो! साहेबांच्या काळची रुग्णसेवा जिवंत झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, हे नाटक नाही!" मागून डॉक्टरीणबाई गर्दी कापत ओरडत होत्या. "मावशी जातील! यंत्र मागवा! गाडी काढा कुणीतरी!"

"वा, काय ताकदीचं काम करतेय ही बाई," लोक म्हणाले आणि टाळ्या वाढल्या. मावशी खाटेवर कलंडल्या, तेव्हा काही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी आणि सुनेने त्यांना उचलून बाहेर आणले, तर पाहुण्यांच्या मोटारींनी रस्ता अडवला होता. चालक सगळे जेवायला गेले होते. रस्ता मोकळा झाला तोवर गाडीची गरज उरली नव्हती.

स्मारक उत्तम चालले आहे. लांबून लोक येतात आणि तो दम लागण्याचा प्रसंग पुन्हा कधी करणार, म्हणून आवर्जून विचारतात.

तुम्हालाही तो व्हिडिओ आला असेल. नाहीतर तुम्हीच काढला असेल. एकदा आवाज वाढवून ऐका. टाळ्यांच्या खाली बाईंचा आवाज स्पष्ट येतो, "गाडी काढा कुणीतरी!" आणि लगेच अगदी मोबाईलजवळून कुणीतरी वैतागून म्हणते, "ओ बाई, जरा बाजूला व्हा, दिसत नाहीये." तो आवाज ओळखीचा वाटतो का, बघा.