सव्वादोन हातांचा वार

आमच्या पालममधले माणिककाका हाताने माप घेताना बोटं मुडपतात. सगळी दुनिया कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात धरते. काका मुडपलेल्या पेरांपाशीच थांबतात. त्यामुळे इतरांच्या वाराला दोन हात आणि काकांच्या वाराला सव्वादोन.

"वाराला सव्वादोन हात. बिल्कुल कमी न्हाई," हे त्यांचं पालुपद. खाटेची दोरी असो की मांडवाचं कापड, कुणी बोलावो न बोलावो, काका हजर. सरकारने मीटर आणून जमाना झाला, पण ती बातमी काकांच्या दारापर्यंत आलेली नाही. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून हे रोज ऐकणं माझ्या नशिबी. बायको गेल्यापासून माणूस एकटा आणि रिकामा. अशाला मापाचं काम सांगण्याइतका गाढवपणा दुसरा नाही.

तो आम्ही केला. धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. काका परभणीला निघाले, तेव्हा आईने त्यांना वरमाईचं लुगडं आणायला सांगितलं. "अठरा हाताचं आणा, भावजी." अठरा हात म्हणजे नऊ वार, हे दुकानात झाडू मारणाऱ्यालाही कळतं. काकांनी अठराला सव्वादोनाने भागलं आणि आठवारी घेऊन आले. दुकानदार नऊवारी न्या म्हणत होता, हेही मागाहून त्यांनीच छाती काढून सांगितलं. "मला माप शिकवायलाय! म्हणलं, गप आठवारी बांध."

लग्नाच्या आदल्या दिवशी आईने ते नेसून पाहिलं. आई उंच, अंगाने भरलेली. कासोटा घातला तर पदर खांद्यावर पोचेना, पदर घेतला तर कासोट्याला काही उरेना. बदलून आणावं तर विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटलेली, एसट्या बंद. पोराच्या लग्नात जुन्या लुगड्यात उभं राहायचं म्हणून आई रडायला लागली. माझं डोकं फिरलं. लुगडं उचलून मी थेट काकांच्या घरात शिरलो.

"माझ्यासमोर मोजा," म्हणालो. "आणि बोटं सरळ ठेवा."

काकांनी मोजलं, पण बोटं मुडपूनच. अठरा भरले. मग त्यांनी पेटीतून एक विटकं लुगडं काढून नव्याला लावलं. दोन्ही तंतोतंत सारखी.

"सारजाचं हाय," बायकोचं नाव त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच घेतलं. "लय लहान हात होता तिचा. माझ्या मुडपल्या बोटापस्तोर यायचा. घरात समदं तीच मोजायची. तिनं मोजलं की ह्याचे अठरा भरायचे. तुमच्या आईला तोकडं व्हईल, हे ध्यानातच आलं न्हाई बगा."

माणसाची कीव आली आणि रागही गेला नाही. आई पलीकडे रडतच होती.

"हे नवं राहू द्याल का माझ्यापाशी?" त्यांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली.

त्यांनी नव्या लुगड्याची घडी घातली, ती जुन्यावर ठेवली आणि वरून हात फिरवला. तेव्हा मात्र बोटं सरळ होती.